काकाजींची खिडकी

आमच्या घरमालकांना आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची भारी हौस होती. पांढुर्ण्याच्या बाजारात खाली त्यांचं धान्याचं दुकान, मागे त्यांचं घर आणि वर दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायचो. सकाळी कोचिंग क्लासात शिकवायला जायला जिना उतरलो की कानावर पडायचं, "ही दाळ नोका नेऊ बाई. शिजत नाही. तिकडे कोपऱ्यावर जा, त्याच्याकडची चांगली हाय." बाई गोंधळून एकदा डाळीकडं बघायची, एकदा त्यांच्याकडं, आणि शेवटी कोपऱ्यावर जायची. तो कोपऱ्यावरचा दुकानदार दर दिवाळीला येऊन काकाजींच्या पाया पडायचा. लोक म्हणायचे, केवढा नम्र माणूस! मी म्हणायचो, नम्र कसला, हुशार आहे.

काकाजी त्यांना सगळं गावच म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. जैन माणूस, नेमधर्माचा. नळाच्या तोटीला पाणी गाळायचं पांढरंशुभ्र फडकं बारा महिने बांधलेलं. अन्न सूर्य मावळायच्या आत. दुपार कलली की त्यांचं अर्धं लक्ष आभाळाकडं असायचं आणि काकींनी आतून ताट वाढल्याची हाक दिली की तराजूत तांदूळ, समोर गिऱ्हाईक, सगळं तसंच टाकून काकाजी आत. "माह्यासाठी सूर्य थांबते का? तू थांब!" हे गिऱ्हाइकाला. गिऱ्हाईकही थांबायचं, कारण काकाजी जेवून आले की खुशीत असत आणि मापावर एक मूठ जास्त टाकत.

या माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती. पाच वर्षं मी ती सांगायचा प्रयत्न केला आणि पाच वर्षं त्यांनी मला ती सांगू दिली नाही. विषय तिकडं वळतोय अशी नुसती शंका आली तरी त्यांना उंदीर दिसायचा, नाही तर पोत्याला भोक दिसायचं. ती गोष्ट कोणती हे कळायला आधी 'आमचे शेठ' कोण ते कळायला हवं.

मी नवा राहायला आलो तेव्हा काकाजींच्या तोंडी सारखा या शेठचा उल्लेख असायचा. "आमचे शेठ असते तं असं नसतं केलं." "आमच्या शेठनं मापात कधी बोट नाही घातलं." मला वाटायचं, नागपूरला इतवारीत कुणी मोठा व्यापारी असेल, यांचा मामा-बिमा. एकदा नागपूरहून माल घेऊन आलेल्या दलालानं शेवटी विचारलंच, "काकाजी, हे शेठ बसतात कुठं? ओळख करून द्या ना आमची."

"ते वारले," काकाजी म्हणाले.

"अरेरे! केव्हा?"

"झाले असतीन सातशे वर्षं."

दलालानं चहा अर्धा टाकला आणि निघून गेला.

झालं होतं असं की, कुठल्याशा चातुर्मासात गावात आलेल्या महाराजांनी प्रवचनात एका जुन्या जैन व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली होती. समुद्राकडच्या मुलखातला हा व्यापारी. लागोपाठ दुष्काळ पडणार हे ओळखून त्यानं कोठारं भरली आणि कोठारांवर लिहून ठेवलं, हे धान्य गरिबांचं आहे. राजे मागायला आले तर त्यांनाही म्हणाला, माझ्याकडं माझं काही नाही, आहे ते गरिबांचं, हवं तर न्या. इथवर ठीक. पण काकाजींच्या मनात घर केलं ते पुढच्या भागानं. दुष्काळात जे भिकारी नव्हते, पण ज्यांच्या घरात दाणा नव्हता, अशा अब्रूदार माणसांसाठी हा शेठ पडद्याआड बसायचा. मागणाऱ्यानं पडद्यातून फक्त हात आत घालायचा. तोंड दिसायचं नाही, नाव विचारायचं नाही. एकदा खुद्द राजानं वेष पालटून हात घातला. शेठनं हातावरच्या रेषा पाहिल्या, हा कुणी थोर माणूस वाईट दिवसांत सापडला आहे असं त्याला वाटलं, आणि त्यानं आपल्या बोटातली रत्नाची अंगठी काढून त्या हातावर ठेवली.

ही गोष्ट काकाजींनी मला किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. दर वेळी अंगठीपाशी आले की त्यांचा चेहरा पडायचा.

"तिथंच शेठ चुकले मास्तर."

"चुकले कसे? केवढं मोठं मन!"

"अरे, पाह्यलं काहून त्यानं हाताकडं? पाहून दिलं म्हनजे तोलून दिलं. मंग पडदा कायले पाह्यजे? डोये मिटून द्याले पाह्यजे होतं. आपन राह्यलो असतो तं सांगतलं असतं त्याले."

सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची चूक यांना झोपू देत नव्हती. मी एकदा खोडी काढावी म्हणून म्हटलं, "काकाजी, पण तो शेठ श्वेतांबर होता, तुम्ही दिगंबर." तर म्हणाले, "भुकेले पंथ राहते का?" आणि मला जिन्याखालचं पोतं सरकवायला लावलं.

माणूस असा कनवाळू, आणि राहायचा अशा गावात जिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांवर दगड फेकतात. गोटमारीच्या त्या दिवशी काकाजी दुकान बंद ठेवत, पण दारात बसत. समोर परातभर हळद आणि धुतलेल्या धोतराच्या पट्ट्या. डोकं फुटलेला कुठल्याही काठाचा असो, ओढून खाली बसवायचे. "फेकनाऱ्यालेही हयद, खानाऱ्यालेही हयद. आपल्याकडे भाव एकच." मी रामाकोना गावचा, मला या गोटमारीचं काय! पहिल्याच वर्षी नुसती गंमत पाहायला पुलाजवळ गेलो आणि एक गोटा येऊन उजव्या हाताच्या करंगळीवर बसला. काकाजींनी हळद भरली, पट्टी बांधली, आणि बांधताना इतकं बोलले की दगड बरा वाटला. "शिकेल मानूस तू! पाह्याले गेलता! दगडाले काय मालूम तू पाह्याले आला म्हनून?" करंगळी जुळली, पण वाकडी जुळली. खडू धरला की ती आजही बाजूला उभी राहते आणि मुलं हसतात.

खिडकीची गोष्ट त्यानंतरची. एका सकाळी उतरलो तर गवंडी दुकानाच्या बाजूची भिंत फोडत होता.

"काय चाललंय काकाजी?"

"खिडकी करून राह्यलो. आमच्या शेठसारखी."

मी म्हटलं, "काकाजी, आता रेशन मिळतं सगळ्यांना. कोण येणार?"

"ज्याले रेशन भेटते त्याच्यासाठी नाही रे. ज्याचं कार्ड नाही अन् ज्याले मांगता येत नाही, त्याच्यासाठी. गावात लय असते असे. इस्त्रीचा शर्ट घालून फिरते, आपल्याले दिसत नाही."

मी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहिलं आणि हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

खिडकी झाली. आतून तागाचा जाड पडदा लागला. काकाजींनी शेठची चूक सुधारली होती. ते पडद्याकडं पाठ करून बसणार, हात मागं नेऊन पिशवी घेणार, भरून तशीच मागं देणार. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पडदा हलला. काकाजींनी मोठ्या समाधानानं गव्हाचं माप मागं धरलं. कुणी पिशवी पुढं करेना, पण माप हलकं होत चाललं. त्यांनी मापात पुन्हा गहू ओतले. बाहेरून हशा आला म्हणून वळून पाहिलं, तर बकरी.

"हसू नोका," ते बाहेर येऊन म्हणाले. "तिले भूक होती अन् लाज नव्हती, म्हनून आली. तुमचं उलटं हाय."

पण माणूस येईना. याचं कारण मला दिसत होतं, चहावाल्याला दिसत होतं, बकरीलाही दिसलं असेल. एकट्या काकाजींना दिसत नव्हतं. ती खिडकी चहाच्या टपरीच्या ऐन समोर होती. टपरीवर अर्धा गाव सकाळपासून बसलेला. पडदा काकाजींच्या डोळ्यांवर होता, गावाच्या नव्हे. शेवटी एका दुपारी काकींनी ताटात भाकरी वाढता वाढता सांगितलं. काकी मोजकं बोलायच्या.

"तुमची कोनाले लाज हाय? तुम्ही तं पाठ करून बसले. गाव तं पाहून राह्यलं ना!"

काकाजींचा घास हातातच राहिला. मी तिथंच होतो, पाहुणा म्हणून जेवायला. त्यानंतर त्यांनी ताटातलं संपवलं, हात धुतले आणि जाहीर केलं, "उद्यापासून सगळ्याईले खिडकीतूनच माल."

त्यांनी खरंच दुकानाची पुढची फळी बंद केली. गिऱ्हाईक पैसेवालं असो की बिनपैशाचं, त्यानं खिडकीपाशीच यायचं. पिशव्याही एकसारख्या, काकींनी मांजरपाटाच्या शिवलेल्या, म्हणजे पिशवीवरून ओळखू नये. पैसे असतील त्यानं पैसे आणि सामानाची चिठ्ठी पिशवीत टाकायची. नसतील त्यानं पिशवी रिकामी टाकायची. त्यात डाळ, तांदूळ, कणीक, तेल, मीठ जे असेल ते पडायचं. बाहेर उभ्या असलेल्याला दोघांत फरक कळणं शक्यच नव्हतं. गाव संतापलं. "दाळ हातात घेऊन पाह्यल्याबिना कशी घ्याची?" बायका विचारत. बरेच लोक कोपऱ्यावर गेले. नागपूरला राहणारा काकाजींचा मुलगा येऊन भांडून गेला. "बाबूजी, दुकान आहे की जादूचा खेळ?" काकाजी त्याला म्हणाले, "तू जेवून जा. सूर्य चालला."

मग लॉकडाऊन आला. आणि सगळ्या गावात एकच दुकान असं निघालं की जिथं दुकानदाराचं तोंड गिऱ्हाइकाला दिसत नव्हतं आणि गिऱ्हाइकाचं दुकानदाराला. पाहणीला आलेल्या साहेबांनी पडद्याकडं बोट दाखवून शाबासकी दिली, संसर्ग टाळायची काय सुंदर व्यवस्था केली आहे म्हणून. काकाजींनी हात जोडले. "आमच्या शेठची आयड्या हाय," ते म्हणाले. साहेब शेठनाही शाबासकी देऊन गेले.

आता माझं सांगतो. कोचिंग बंद पडलं, पगार थांबला. सुषमा, माझी बायको, तेव्हा दिवसांत होती. आमच्या मुलीचा जन्म त्याच बंदीत झाला. बाळंतपणाला सुषमाची आई मोहगावहून यायची होती, डिंक-खारका, मेथीचे लाडू सगळं घेऊन. रस्ते बंद, ती तिकडंच अडकली. फोनवर रडायची. घरात डबे वाजायला लागले. आधी मी खोटं बोललो, की भूक नाही. मग सुषमा खोटं बोलू लागली. बाळंतीण बाईनं भूक नाही म्हणणं म्हणजे काय, ते ज्यानं ऐकलं त्यालाच कळेल. मला स्वतःची शरम वाटली.

काकाजींना वर बोलावून सांगता आलं असतं. पण ज्या माणसाशी रोज जिन्यात थट्टा करायची, त्याच्यापुढं कसं उभं राहायचं? आणि गावात मी 'सर' होतो. एके सकाळी सुषमानं काही न बोलता ती मांजरपाटाची पिशवी माझ्या हातात दिली. मी मागच्या जिन्यानं उतरलो, वळसा घालून खिडकीसमोरच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढं माझ्याच एका विद्यार्थ्याचे वडील. "काय सर, बरं हाय ना?" "बरं आहे." माझा नंबर आला. मी रिकामी पिशवी पडद्यातून आत धरली. आतून काकाजींचा हात मागं आला, पिशवीबरोबर माझी बोटं त्यांच्या हातात आली, आणि तो हात क्षणभर थांबला. मग पिशवी गेली. परत आली तेव्हा जड होती. मागच्या माणसाला वाटलं, सरांनी बाजार केला. तसंच वाटावं म्हणून एका माणसानं आपलं दुकान बुडवायला काढलं होतं, हे मला त्या रांगेत उभं राहिल्यावर कळलं.

मी वर आल्यावर सुषमानं पिशवी उपडी केली. तांदूळ, डाळ, कणीक, गूळ, तेल. आणि खाली, कागदात बांधलेल्या, खारका. डिंक. मूठभर मेथ्या.

सुषमा त्या खारकांकडं बघत बसली. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी, म्हणजे त्यांचं जेवण झाल्यावर, काकाजी खालून मोठ्यानं ओरडले. मला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं. "मास्तर! आज घोटाळा झाला बावा! काकीनं खारकाचा डबा खिडकीजवळ ठेवला अन् कोनाच्या पिशवीत गेल्या काय मालूम!"

मी कठड्यावरून वाकलो. "अरेरे. कुणाच्या गेल्या?"

"मले कसं कळन? माही तं पाठ राहते!"

पुढच्या आठवड्यात घोटाळा परत झाला. या वेळी साजूक तूप गेलं. काकाजी खालून काकींवर करवादत होते, "काहून डबे तिथं ठेवता? माह्या हाताले सापडते अन् जाते कोनाच्याही पिशवीत!" रस्ते उघडून सुषमाची आई येईपर्यंत हा घोटाळा होत राहिला. आणि आम्ही नवराबायको दर वेळी वरून हळहळत राहिलो. आमची लेक त्या घोटाळ्यावर बाळसं धरून उठली.

म्हणजे काकाजींनीही तेच केलं जे त्यांच्या शेठनं केलं होतं. पाठ केली, पडदा लावला, डोळे मिटले, आणि तरी हात ओळखलाच. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला ज्या चुकीसाठी ते बोल लावायचे, तीच त्यांच्याकडून झाली. मला वाटतं हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. कारण लॉकडाऊन उठल्यावर त्यांनी अंगठीची गोष्ट सांगणंच सोडून दिलं. एकदा मीच आठवण काढली, "काकाजी, शेठ अंगठीपाशी चुकले ना?" तर पोत्यावरची धूळ झटकत म्हणाले, "मानूसच होता तो. हुकते एखांद्या वेळी."

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांना लगेच उंदीर दिसला.

पुढं मला सौंसरजवळच्या सरकारी शाळेत नोकरी लागली. आम्ही पांढुर्णा सोडलं. निघायच्या दिवशी मी ठरवून खाली गेलो, पाया पडलो आणि म्हटलं, "काकाजी, लॉकडाऊनमध्ये..." "हो हो, लय वाईट दिवस होते," ते म्हणाले, "पन टेम्पोवाला खोळंबला मास्तर, आधी सामान चढवा." जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला पायी जाणाऱ्यांसाठी ते वाटेवर गाळलेल्या पाण्याचे माठ ठेवत, तिथं गाठून पाहिलं, तर त्यांनी माझ्या हातात तांब्या दिला आणि दुपारभर पाणी वाटायला लावलं. सुषमा म्हणायची, "त्यांना नाही ऐकायचं तर का मागं लागता?" पण मला सांगायचं होतं. घेतलं ते लपून घेतलं, ते ठीक. आभारसुद्धा लपूनच मानायचे का? तो माणूस आपल्याआधी जाणार, आणि हे माझ्याजवळच राहणार, याची मला भीती वाटू लागली होती.

मागच्या थंडीत काकींचा फोन आला. "येऊन जा. आता बसवत नाही त्याईले."

मी गेलो. दुकान बंद होतं. आतल्या खोलीत काकाजी पलंगावर, भिंतीला टेकवून ठेवलेले, मूठभर झालेले. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. नागपूरचा मुलगा होता, चहावाला होता, कोपऱ्यावरचा दुकानदार होता, शेजारपाजारच्या बायका होत्या. मी जवळ बसलो, त्यांचा हात हातात घेतला. उंदीर दिसायची आता सोय राहिली नव्हती. मी ठरवलं, सगळ्यांसमोर बोलायचं. ज्या गावापासून मी लपलो होतो त्या गावासमोरच.

"काकाजी, मी मास्तर. वरच्या खोलीतला."

त्यांनी मान हलवली.

"लॉकडाऊनमध्ये माझ्या घरात काही नव्हतं. मी रिकामी पिशवी घेऊन तुमच्या खिडकीत यायचो. तुमच्या डाळीवर आम्ही जगलो. तुमच्या खारकांवर माझी लेक वाढली. हे मला तुम्हाला सांगायचं होतं."

चहावाला माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं होतं तशी लाज वाटली नाही; डोळे तेवढे भरून आले.

काकाजींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखं मला विचारलं,

"कोन्ती खिडकी, मास्तर?"

काकींनी पदर तोंडाला लावला आणि उठून आत गेल्या. मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबूजींना आता काही आठवत नाही, सर. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटत," मी म्हटलं.

काकाजींचा अंगठा माझ्या वाकड्या करंगळीवरून हळूहळू फिरत होता.